पगारात सरकारचा वाटा
(माहुल येथे प्रौढ शिक्षणाच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आपण पगाराविषयी बोलू. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा बारावी होऊन घरी बसला आहे. कोणाची मुलगी आय.टी.आय. शिकून कामाची वाट बघते आहे. कोणाचे स्वतःचेच लहानसे वर्कशॉप आहे आणि तिथे दोन हात कमी पडतात. मग अडते कुठे? मालक म्हणतो, "पोरगा नवा आहे. तो शिकेपर्यंत मी पूर्ण पगार का भरू?" पोरगा म्हणतो, "कामावर घेतल्याशिवाय मी शिकू कुठे?" दोघांचंही खरं आहे. ही अडचण सुटावी म्हणून सरकार पगाराचा काही भार उचलते. तो किती उचलते, किती दिवस उचलते आणि पैसे कोणाच्या हातात देते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

माहुलचेच पाहा. १९५४ आणि १९५५ साली इथे तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. एक स्टॅनव्हॅकचा, दुसरा बर्मा-शेलचा. पुढे ते सरकारी मालकीचे झाले. आज आपण त्यांना हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणतो. गावाच्या अंगणात एवढे कारखाने. पण कोळीवाड्यातल्या पोराला फाटकाच्या आत जायचे तर हातात कसब हवे, आणि त्या कसबाचा कागदही हवा. २०१७ साली तानसाच्या पाइपलाइनच्या कडेने उठवलेली कुटुंबे इथल्या इमारतींत आली. त्यांची कामे दूर राहिली. त्यांच्याही मुलांपुढे हाच प्रश्न आहे.

सगळ्यात जुना मार्ग उमेदवारीचा. पूर्वी पोरगा वर्कशॉपात उमेदवारीला राही. शेठ चहा देई, कधी बसभाडे देई, आणि "शिकतोयस ना?" असे म्हणून दोन-दोन वर्षे राबवून घेई. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्यात मुदत ठरली, लेखी करार आला, दरमहा विद्यावेतन आले. आता ज्या कारखान्यात किंवा दुकानात ३० किंवा जास्त माणसे आहेत, त्याला उमेदवार घ्यावेच लागतात. शंभर माणसांमागे अडीच ते पंधरा. चार ते एकोणतीस माणसे असली तर मालकाची मर्जी. २०१६ पासून केंद्र सरकार या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा देऊ लागले, पण महिन्याला १,५०० रुपयांच्या वर नाही. बाकीचे मालकाने द्यायचे.

दुसरी योजना राज्य सरकारची. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. लोक तिला 'लाडका भाऊ' म्हणू लागले. (नाव भावाचे, पण बहिणींनाही ती खुली होती. हे ठाऊक नसल्यामुळे किती मुली घरी राहिल्या असतील!) वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. किंवा पदविका झालेल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. पैसे सरकारने थेट मुलाच्या बँक खात्यात टाकायचे. मालकाने पदरचे काही घातलेच पाहिजे असे नव्हते. मात्र कारखाना तीन वर्षांचा जुना हवा आणि त्यात निदान वीस माणसे हवीत, अशी अट होती. म्हणजे चार माणसांचे वेल्डिंगचे दुकान त्यात बसत नव्हते.

ही योजना आधी सहा महिन्यांची होती. २०२५ साली आणखी पाच महिने वाढवून दिले. अकरा महिने झाले आणि विद्यावेतन थांबले. बरीच मुले सरकारी कचेऱ्यांत, शाळांत लागली होती. "आम्हाला कायम करा," म्हणून त्यांनी मोर्चे काढले, उपोषणे केली. पण योजना प्रशिक्षणाची होती, नोकरीची नव्हती. आमच्या मते दोष मुलांचा नाही. रोज वेळेवर येऊन, हजेरी लावून, साहेबाचे काम करणाऱ्याला ती नोकरीच वाटणार! पहिल्याच दिवशी त्याला कोणीतरी स्पष्ट विचारायला हवे होते, की बाबा, मुदत संपल्यावर काय? आईबापांनी तरी विचारायला हवे.

आता तिसरी योजना. ती केंद्र सरकारची आहे आणि ती खऱ्या नोकरीसाठी आहे. नाव लांबलचक आहे, प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्या तिच्यात धरतात. इथे सगळे पीएफवर चालते. पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी. दरमहा कामगाराचा वाटा कापतात, तेवढ्यात मालक आपला वाटा घालतो. पीएफमध्ये नाव नसेल, तर सरकारच्या लेखी तो पोरगा कामालाच नाही.

हिशेब करून पाहू. समजा, एका वर्कशॉपात बावीस माणसे आहेत. मालकाने आणखी दोघांना घेतले. ज्या पगारावर पीएफ कापतात तो प्रत्येकाचा १६,००० रुपये. पगार १०,००० च्या वर आणि २०,००० पर्यंत असला, तर सरकार मालकाला दर नव्या माणसामागे महिना २,००० रुपये देते. दोघांचे ४,०००. दोन वर्षांत ९६,००० रुपये. माल तयार करणारा कारखाना असेल तर तिसऱ्या व चौथ्या वर्षीही मिळते. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण १६,००० वर मालकाचा पीएफचा वाटा बारा टक्के, म्हणजे १,९२० रुपये. बघा, सरकारचे दोन हजार तिथेच गेले! सरकार पोराचा पगार देत नाही. पोराचे नाव कायद्याने वहीत लावण्याचा जो खर्च येतो, तेवढा भरून देते. म्हणून वर्कशॉपवाल्या बांधवांना आम्ही सांगतो, दुकानात खरोखर काम असेल तरच माणूस घ्या. नुसत्या दोन हजारांसाठी घ्याल तर बाकीचे जवळजवळ सोळा हजार खिशातून जातील.

आणखी एक. माणसे वाढली पाहिजेत. जुन्या कामगाराला काढून त्याच्या जागी नवा घेतला, तर ती वाढ नव्हे. पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्याने निदान दोन वाढवावीत, पन्नास किंवा जास्त असलेल्याने पाच. आणि नवा माणूस सहा महिने टिकला पाहिजे. वीसपेक्षा कमी माणसांचे दुकान असले तरी मालक आणि बहुतेक कामगार राजी असतील तर पीएफमध्ये जाता येते.

पोरालाही यात वाटा आहे. पीएफमध्ये त्याचे नाव पहिल्यांदाच लागत असेल, तर त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळते, जास्तीत जास्त १५,००० रुपये. ती दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता सहा महिने नोकरी झाल्यावर, दुसरा बारा महिन्यांनंतर. पण 'पहिल्यांदाच' या शब्दावर बोट ठेवा. पोराने आधी एखाद्या ठेकेदाराकडे दोन महिने काम केले असेल आणि त्याने पीएफ कापला असेल, तर त्याचा पीएफचा नंबर आधीच निघालेला आहे. मग ही रक्कम मिळणार नाही. मालकाला मात्र त्याच्यामागे आपला वाटा मिळू शकतो.

कामाला लावताना चार कागद मागून घ्या: रुजू झाल्याची चिठ्ठी, त्यावर तारीख आणि पगार; पीएफचा नंबर; पगाराची पावती; आणि आधार जोडलेल्या खात्याचे पासबुक. नाव नोंदवून देतो म्हणून कोणी हजार-पाचशे मागितले तर देऊ नका. पोराने पैसे भरून नाव लावावे, अशी या योजनेत सोय नाही. पासबुक आणि एटीएमचे कार्ड कोणाकडे ठेवायला देऊ नका, शेठकडेही नाही.

दुसऱ्या हप्त्याला आणखी एक अट आहे. पोराने पैशाच्या व्यवहाराचा एक छोटा अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. तो करील तेव्हा तुम्हीही शेजारी बसा. आता तुम्हालाही वाचता येते.