बडोद्याचा महाल आणि वाडीची गंजिफा

प्रवासाचा शेवटचा दिवस धड प्रवासाचाही नसतो आणि धड घरचाही नसतो. पिशव्या बांधलेल्या, गाडी संध्याकाळची, मधले सहा तास रिकामे. अहमदाबाद, चांपानेर करून आम्ही नवरा-बायको बडोद्यात होतो. पत्नी म्हणाली, "इतक्या लांब इलंव, तर राजवाडो बघूनच जावया."

लक्ष्मीविलास राजवाडा सयाजीराव गायकवाडांनी बांधून घेतला. तो १८९० साली पुरा झाला. आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. बडोद्याचं काम अर्धं असतानाच ते वारले आणि चिझम यांनी ते तडीस नेलं. आत रविवर्म्याची चित्रं, फेलिचीचे पुतळे, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेलं ऊन. मान वर करून करून ती दुखायला लागली.

शेजारी पुण्याकडचं एक कुटुंब होतं. गृहस्थ मुलाला सांगत होते, "महाराज मूळचे आपल्या नाशिककडच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली दत्तक आले." मीही दोन शब्द बोललो. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. "अरे वा, मराठी छान बोलता की तुम्ही!"

तीसेक वर्षं मराठीत कविता लिहितो आहे. हे प्रशस्तिपत्र अजून अधूनमधून मिळतंच. मी हसलो. पत्नी हसली नाही.

दरबार हॉलच्या कोपऱ्यात उभा असताना मला आमची सावंतवाडी आठवली. सत्त्वशीलादेवी याच घराण्यातल्या, प्रतापसिंहरावांच्या कन्या. एवढ्या ऐश्वर्यातून त्या आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या वाड्यात सून म्हणून आल्या. १९७०च्या आसपास वाडीची गंजिफा जवळजवळ संपली होती. ती जाणणारा एक म्हातारा चितारी उरला होता. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी त्याच्याकडून ही कला शिकले, मग इतरांना शिकवू लागले. २०१८ मध्ये त्या गेल्या, पण दरबारात रंगकाम चालू राहिलं.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पानं. शब्द फारसी. बाबराने हे पत्ते सिंधला धाडल्याची १५२७ सालची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आमच्याकडे त्यावर दशावतार आले. दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पानं. त्या गृहस्थांना हे सांगायला हवं होतं, असं मला गाडीत बसल्यावर सुचलं. योग्य उत्तर मला नेहमी गाडीतच सुचतं.

खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. शिरोड्याहून वाडी तासाभराच्या आत. लहानपणी आई चितार आळीतून लाकडी फळं आणायची, ईदला आम्ही ती मांडून ठेवायचो. पण राजवाड्यात मी वीस वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी दोघं गेलो. एक कारागीर बाई मांडी घालून बसली होती, हातात केसाएवढा बारीक ब्रश. आम्ही कुठले, एवढंच तिने विचारलं आणि पुन्हा रेघ ओढायला घेतली. तिने मत्स्यावताराचं पान दाखवलं. पत्नीने ते उजेडाला धरून बराच वेळ निरखलं.

"रंग बरे आसत," ती म्हणाली, "पण ह्यो मासो आमच्या दर्यातलो नाय."

बाई म्हणाली, "गे बाय, देवाचो मासो तो. बाजारात खंय गावतलो?"