गावाची आकडेवारी गावाच्या हाती

(मंठा, जि. जालना येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आकडेवारी हा विषय सामान्यतः रुक्ष समजला जातो. परंतु मंठा तालुक्यात सोयाबीन, कापूस आणि तूर पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा संसार आज अनेक प्रसंगी आकड्यांवरच अवलंबून असतो. अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या खाली आली, तर टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी ठरते. आणि पीकविम्याची भरपाई मंडळातील पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या हेक्टरी उत्पादनावर ठरते. १९७२ आणि २०१२ चे दुष्काळ सोसलेल्या व सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी पाहिलेल्या मराठवाड्याला या आकड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको.

अन्नसुरक्षा, शेती आणि पर्यावरण यांविषयीची संशोधनाची आकडेवारी आता जगभर खुली होत आहे. खुली म्हणजे कोणालाही विनामूल्य पाहता येणारी, पडताळता येणारी आणि पुन्हा उपयोगात आणता येणारी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६१ पासूनची देशोदेशींची पीक-उत्पादनाची आकडेवारी अशीच सर्वांना उपलब्ध करून दिली आहे. आपल्या केंद्र शासनानेही २०१२ मध्ये माहितीच्या खुल्या वापराचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले. तेव्हा प्रश्न असा, की या सर्व आकड्यांचा उगम ज्या गावात होतो, त्या गावाला त्यांचा लाभ काय?

या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांत एका मराठी शास्त्रज्ञाचे स्थान मोठे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात डॉ. व्ही. जी. पानसे यांच्यासमवेत पीक कापणी प्रयोगांची यादृच्छिक नमुना पद्धती देशभर रुजविली. तोपर्यंत पिकाचा अंदाज बहुधा नजरेनेच बांधला जात असे. शेत चिठ्ठीने निवडावे, त्यातील जागाही तशीच ठरवावी, आणि तेथील पीक कापून, मळून, वजन करून नोंदावे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. चांगले शेत किंवा वाईट शेत निवडण्याची मुभा कोणालाच राहत नाही, हे तिचे मर्म होय. पुढे १९५१ ते १९७१ या काळात डॉ. सुखात्मे यांनी अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा वाहिली.

या वजनाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १,०५० किलो ठरले आहे आणि यंदाचे प्रत्यक्ष उत्पादन ८४० किलो आले. तूट २१० किलोंची, म्हणजे २० टक्क्यांची. म्हणून विमा संरक्षित रकमेच्या २० टक्के भरपाई मिळेल. आता प्रयोगाचा तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटरचा धरा. एका हेक्टरात असे २०० तुकडे बसतात. प्रत्येक प्रयोगात वजन केवळ एका किलोने जास्त नोंदले गेले, तर हेक्टरी उत्पादन २०० किलोंनी फुगेल आणि भरपाई जवळजवळ शून्यावर येईल. एका किलोच्या चुकीचा भार असा संपूर्ण मंडळाला सोसावा लागतो. म्हणूनच ही नोंद कोणाच्या उपस्थितीत झाली आणि ती पुढे कोणाला पाहता येते, हे प्रश्न गौण नाहीत.

खुल्या आकडेवारीतून किती मोलाचे ज्ञान हाती येते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातील सहा गावांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी कान्झरा व किनखेडा ही गावे अकोला जिल्ह्यातील, तर शिरापूर व कळमण ही सोलापूर जिल्ह्यातील होत. प्रत्येक गावातील ४० कुटुंबांची पेरणी, मजुरी, कर्ज आणि अन्न यांची नोंद वर्षानुवर्षे घेतली गेली. कुटुंबांची ओळख गुप्त ठेवून ती आकडेवारी जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाली. रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तिच्या आधारे १९९४ मध्ये दाखवून दिले, की एकट्या कुटुंबाचे उत्पन्न घटले तरी त्याचे खाणेपिणे त्या प्रमाणात घटत नाही. ते बहुतांशी गावाच्या सरासरीबरोबर चालते. उसनवारी, भाऊबंदकी आणि शेजारधर्म यांचा आधार किती मोठा असतो, हे यावरून दिसते. मात्र याचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. संपूर्ण गावाचेच पीक बुडाले, तर शेजाऱ्याकडेही देण्यास काही उरत नाही. त्या वेळी रोजगार हमी, स्वस्त धान्य आणि विमा हाच आधार असतो, आणि तो गावापर्यंत वेळेवर पोहोचणे अचूक आकड्यांवर अवलंबून असते.

आपल्या मंठ्याच्या आकड्यांची एक विशेष अडचण आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा परिसर परतूर तालुक्यात, म्हणजे परभणी जिल्ह्यात होता. साहजिकच त्या काळातील येथील पाऊस व पिके यांचे आकडे परभणीच्या तक्त्यांत समाविष्ट आहेत. पन्नास वर्षांतील बदल पाहावयाचा, तर दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे जोडावी लागतात. इक्रिसॅटच्या खुल्या जिल्हानिहाय आकडेवारीत १९६६ च्या जिल्हा-सीमा पायाभूत धरून अशी जुळणी केलेली आहे. इतिहास व गणित शिकविणाऱ्या शिक्षकांना तिचा उत्तम उपयोग करता येईल.

गेल्या काही वर्षांत राज्यात साधनेही वाढली आहेत. महावेध प्रकल्पातून २०१७ पासून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः सातबाऱ्यावर पिकाची नोंद करू लागला. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जालन्यासह १५ जिल्ह्यांतील निवडक गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडण्यात आले. त्याची शास्त्रीय पद्धती मुंबईच्या आयआयटीच्या साहाय्याने तयार झाली. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. तथापि संकेतस्थळावर आकडा दिसणे आणि तो गावाला समजणे, यांत अंतर आहे. मंडळाचा पर्जन्यमापक एका गावी असतो आणि ढग दुसऱ्याच गावी फुटतो. अशा वेळी स्वतःची नोंद नसलेल्या गावाला आपले म्हणणे मांडणे कठीण जाते.

यासाठी मी आपल्यापुढे तीन सूचना ठेवतो.

पहिली सूचना शिक्षकांसाठी. प्रत्येक शाळेत पर्जन्यमापक असावा आणि दररोज सकाळी ठरावीक वेळी विद्यार्थ्यांनी पाऊस मोजून फळ्यावर व वहीत लिहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी, हे गणित मुलांना एकदा उमगले, की पाण्याचा ताळेबंद त्यांना निराळा शिकवावा लागत नाही. शासकीय नोंदीची जागा ही वही घेणार नाही. परंतु फेरतपासणीची मागणी करताना ती गावाच्या हाती असेल.

दुसरी सूचना पंचायत सदस्यांसाठी. पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी आपण शेतात उपस्थित राहावे, वजन डोळ्यांनी पाहावे आणि नोंदीची प्रत पंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पैसेवारी, ई-पीक पाहणी आणि निरीक्षण विहिरींची पातळी यांचे ग्रामसभेत जाहीर वाचन व्हावे. गाव ऐकत आहे म्हटल्यावर चूक त्याच वेळी लक्षात येते. वर्ष उलटल्यावर ती सिद्ध करणे दुरापास्त होते.

तिसरी सूचना अधिकारी मित्रांसाठी. गावातून माहिती वर पाठविली जाते, तशीच ती संकलित होऊन मराठीत, गावनिहाय आणि वेळेवर खाली परत यावी. मात्र कोणाचे कर्ज किती, कोणाच्या घरी धान्य किती, हे नावानिशी प्रसिद्ध होता कामा नये. गावाचा आकडा खुला असावा आणि घराचा आकडा राखलेला असावा, ही मर्यादा इक्रिसॅटच्या अभ्यासाने प्रारंभापासून पाळली आहे.

बंधुभगिनींनो, आपल्याकडे आकडे वर पाठविण्याची शिस्त आहे. ते परत मागण्याची सवय मात्र अद्याप लागावयाची आहे. ज्या शेतकऱ्याच्या शेतात तो तुकडा कापला गेला, त्याला आपल्या मंडळाची सरासरी विचारता यावी आणि ती त्याच्याच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचावयास मिळावी. त्या फळ्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. येत्या खरिपात तालुक्यातील प्रत्येक गावी तो लागावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.