निवृत्तांची औषधे आणि विम्याचा बाजार

(अमेरिकेतील निवृत्तांच्या औषधविम्याविषयी पेन्शनरांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, खुली केली. कार्ड हाती पडलेला पेन्शनर पहिला प्रश्न विचारतो तो हा की, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या यात बसतात काय? त्या बसत नाहीत. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी परतल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्याच काळातील औषधांचा भार ही योजना उचलते. म्हातारपणाचे औषध पंधरा दिवसांत संपत नसते.

हाच प्रश्न अमेरिकेतील निवृत्त कामगारांपुढे जवळजवळ चाळीस वर्षे उभा होता. त्याचे जे उत्तर तेथे देण्यात आले, त्यात विमा कंपन्यांना काय मिळाले आणि वृद्धांच्या पदरात काय पडले, हे नीट पाहण्यासारखे आहे.

३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी अध्यक्ष ट्रूमन यांच्या उपस्थितीत, ‘मेडिकेअर’च्या कायद्यावर सही केली. पासष्ट वर्षांवरील नागरिकांना रुग्णालयाचा व डॉक्टरचा खर्च त्यातून मिळू लागला. दुकानातून विकत घ्यावयाची औषधे मात्र वगळली गेली. पुढे वर्षानुवर्षे घ्यावयाच्या औषधांचे युग आले आणि ही वगळलेली बाब वृद्धाच्या खर्चातील मोठी बाब होऊन बसली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सीमेलगतच्या राज्यांतून वृद्धांच्या बसगाड्या कॅनडात जाऊ लागल्या. सीमेपलीकडे तेच औषध कितीतरी स्वस्त मिळत होते. जगातील सर्वांत श्रीमंत देशाचे नागरिक गोळ्या आणण्यासाठी परदेशी जातात, हे दृश्य राज्यकर्त्यांना फार दिवस लपविता येण्यासारखे नव्हते.

२००३ साली कायदा झाला. २२ नोव्हेंबरच्या पहाटे प्रतिनिधिगृहात, एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारे मतदान जवळजवळ तीन तास उघडे ठेवून, २२० विरुद्ध २१५ मतांनी तो संमत करून घेण्यात आला. १ जानेवारी २००६ पासून मेडिकेअरचा ‘डी’ भाग सुरू झाला. सरकारने स्वतः औषधविमा चालवावयाचा नाही, खाजगी कंपन्यांनी योजना काढाव्यात, सरकारने त्यांना पैसे द्यावेत आणि वृद्धाने त्यांतून ‘निवड’ करावी, अशी ही रचना होती. शिवाय मेडिकेअरने औषध कंपन्यांशी किमतीविषयी वाटाघाटी करू नयेत, अशी पाचर कायद्यातच मारून ठेवलेली होती. त्याच सरकारचे माजी सैनिकांचे खाते मात्र आपल्या रुग्णांसाठी घासाघीस करून औषधे घेत होते! हा कायदा घडविणाऱ्या एका प्रमुख समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन २००५ च्या जानेवारीत औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. त्यावर भाष्य करण्याची गरज नाही.

या योजनेतील सर्वांत कुप्रसिद्ध भाग म्हणजे मधली पोकळी. मेदूवड्यासारखे मधे भोक असलेले डोनट नावाचे एक पक्वान्न तेथे खातात. त्यावरून या पोकळीला ‘डोनटचे भोक’ हे नाव पडले. २००६ च्या प्रमाण योजनेत पहिले २५० डॉलर वृद्धाने भरावयाचे. पुढे एकूण खर्च २,२५० डॉलर होईपर्यंत चौथा हिस्सा त्याचा. आणि नंतर खर्च ५,१०० डॉलरवर जाईपर्यंत विमा कंपनीचा एक पैसाही नाही. म्हणजे २,८५० डॉलर पदरचे, आणि हप्ता तेवढा चालूच! अधिक आजारी, तो अधिक खोल पोकळीत. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ योजनेतून औषधे घेणारे साठ लाखांवर वृद्ध व अपंग याच दिवशी आपोआप खाजगी योजनांत ढकलले गेले. दुकानदाराच्या यंत्रावर नाव नाही म्हणून त्यांतील अनेक जण रिकाम्या हाताने परतले आणि कित्येक राज्य सरकारांना तातडीने पदरचे पैसे घालावे लागले.

२०१० च्या आरोग्य कायद्याने ही पोकळी हळूहळू बुजविण्यास घेतले. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने त्याहून मोठे पाऊल टाकले. २०२३ पासून इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा आली. २०२५ पासून वृद्धाने औषधांवर वर्षभरात स्वतः भरावयाच्या रकमेवर २,००० डॉलरची कमाल मर्यादा आली. २०२६ साठी ती २,१०० डॉलर आहे.

आता निवडीचा प्रश्न. ‘निवड’ हा शब्द ऐकावयास गोड आहे; परंतु सत्तरीतल्या गिरणी कामगाराने दर शरद ऋतूत डझनभर योजनांची कोष्टके ताडून पाहावीत, हे स्वातंत्र्य आहे की वेठ, याचा विचार ज्याने त्याने करावा. वेठ असली तरी ती नीट केली पाहिजे, कारण चूक वर्षभर भोवते.

बहुतेक लोक हप्ता पाहून योजना घेतात, आणि कंपन्यांना नेमके हेच हवे असते. उदाहरणादाखल, एका योजनेचा हप्ता महिना ८ डॉलर, म्हणजे वर्षाला ९६. दुसरीचा ४५, म्हणजे ५४०. पण त्याच वृद्धाच्या त्याच गोळ्यांवर पहिलीत १,१५० डॉलर आणि दुसरीत ४२० डॉलर जात असतील, तर बेरीज अनुक्रमे १,२४६ आणि ९६० होते. स्वस्त दिसणारी योजना महाग ठरली. म्हणून आरंभ हप्त्यापासून न करता आपल्या औषधांच्या यादीपासून करावयाचा: औषधाचे नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा. ही यादी मेडिकेअरच्या सरकारी संकेतस्थळावर घातली की, प्रत्येक योजनेतील वर्षाचा एकूण खर्च समोर येतो. ज्याला हे जमत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक राज्यात मोफत सल्ला देणारी सरकारी मदतीवरील केंद्रे आहेत. तेथे काही विकावयाचे नसते, म्हणून दलालापेक्षा तेथील सल्ला बरा.

प्रत्येक योजनेची स्वतःची औषधसूची असते, आणि खरी गोम तीत आहे. एकच गोळी एका योजनेत खालच्या, स्वस्त पायरीवर तर दुसरीत वरच्या, महाग पायरीवर असते. काही औषधांना कंपनीची पूर्वमंजुरी लागते. काहींच्या बाबतीत आधी स्वस्त औषध घेऊन पाहा, ते लागू पडले नाही तरच हे, अशी अट असते. २,१०० डॉलरच्या मर्यादेचे कौतुक करताना हे विसरू नये की, सूचीबाहेरचे औषध घेतल्यास तो खर्च या मर्यादेत मोजला जात नाही, आणि हप्ताही मोजला जात नाही. कंपनीने नकार दिला तर डॉक्टरच्या निवेदनासह अपवाद मागता येतो. ते मिळाल्यापासून ७२ तासांत, आणि तातडीच्या प्रसंगी २४ तासांत, कंपनीला निर्णय द्यावा लागतो. पुष्कळ वृद्ध पहिल्या नकारानंतरच गप्प बसतात.

आज एकही गोळी लागत नाही म्हणून योजना न घेणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. तितक्याच तोलाचा दुसरा औषधविमा नसताना जितके पूर्ण महिने उशीर, तितके टक्के दंड. तो राष्ट्रीय पायाभूत हप्त्यावर, २०२६ साठी ३८.९९ डॉलरवर, मोजतात. दोन वर्षे उशीर झाल्यास महिन्याला ९.४० डॉलर, आणि ते बहुधा मरेपर्यंत. ज्यांना युनियनच्या करारातून निवृत्तीनंतरचा औषधविमा मिळाला आहे, त्यांनी मात्र उलट सावधगिरी बाळगावी. ‘डी’ भागात नाव घातल्याने कराराचा विमा, कधी कुटुंबाचाही, कायमचा जाऊ शकतो. लढून मिळविलेली गोष्ट एका अर्जाने घालवू नये; आधी युनियनच्या कार्यालयात विचारावे. अल्प उत्पन्न असणाऱ्यांसाठी ‘एक्स्ट्रा हेल्प’ नावाची सवलत आहे; हप्ता आणि औषधखर्च दोन्ही तीत बरेच उतरतात.

किमतीच्या वाटाघाटींवरची बंदी २०२२ च्याच कायद्याने, तीही मोजक्या औषधांपुरती, उठली. सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० अशी कोंडी होऊन उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने तो संमत झाला. पहिल्या दहा औषधांच्या नव्या किमती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. मधुमेहावरील जानुव्हियाची महिन्याची छापील किंमत २०२३ साली ५२७ डॉलर होती. वाटाघाटीनंतर ती ११३ झाली. हे औषध आपल्याकडील पेन्शनरांच्याही परिचयाचे आहे: जुलै २०२२ मध्ये त्याचे पेटंट भारतात संपले, अनेक कंपन्यांनी गोळ्या बाजारात आणल्या आणि किंमत भराभर उतरली. कंपन्यांनी अमेरिकेतील वाटाघाटींविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने दुर्मिळ आजारांवरील औषधांना आणखी सूट मिळवून दिली.

मुलांकडे कायमच्या वास्तव्यास गेलेल्या येथील आईवडिलांचाही याच्याशी संबंध येतो. पासष्टी उलटलेली आणि कायम वास्तव्याच्या परवान्यावर तेथे सलग पाच वर्षे राहिलेली व्यक्ती मेडिकेअर विकत घेऊ शकते व त्याबरोबर ‘डी’ भागही. पुष्कळ कुटुंबे इकडून नेलेल्या गोळ्यांवर भागवितात आणि दंडाची मोजणी चालू होते. नव्याने पात्र होणाऱ्याला नाव घालण्यास सात महिने मिळतात. योजना बदलण्याची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. पुढील वर्षी काय बदलणार याचे पत्र कंपनीकडून सप्टेंबरअखेर येते. ते न वाचता टाकून दिल्यास जुनी योजना तशीच पुढे चालू राहते, आणि रोजची गोळी सूचीतून गेल्याचे जानेवारीत दुकानात कळते.