अर्जातील रकाना आणि कामाचा हक्क

(नवी दिल्लीतील आर. के. पुरम वसाहतीत मराठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

बदलीच्या हुकमावर माणसे या वसाहतीत येतात, सरकारी क्वार्टरात मुले वाढवतात आणि निवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे करतात. त्या मुलांच्या हाती नोकरीचा अर्ज आला की दोन रकान्यांपाशी लेखणी अडते : नागरिकत्व आणि अधिवास. हे दोन प्रश्न एकच आहेत, हा समज प्रथम दूर केला पाहिजे.

आपल्या संविधानाने नागरिकत्व एकच मानले आहे. महाराष्ट्राचे किंवा दिल्लीचे निराळे नागरिकत्व नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत प्रशासन सेवा व पोलीस सेवा यांसाठी उमेदवार भारताचा नागरिकच असावा लागतो. इतर कित्येक सेवांच्या नियमांत मात्र नेपाळ व भूतानचे प्रजाजन आणि १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेले तिबेटी निर्वासितही धरलेले आहेत. त्यांना भारत सरकारचे पात्रता प्रमाणपत्र लागते. म्हणून या रकान्यात खरे तेच लिहावे. खोटी माहिती पुढे नोकरीच्या मुळावर येते. आणि आधार कार्ड जोडले म्हणजे काम झाले असे मानू नये. ते स्वतः नागरिकत्वाचा अथवा अधिवासाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्यातच नमूद आहे.

आता अधिवास. संविधानाचे सोळावे कलम सरकारी नोकरीत जन्मस्थान व निवास यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. निवासाची अट घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, विधानसभेला नाही. तरीही शेजारच्या हरयाणाने २०२० मध्ये कायदा करून खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या. महिना ३०,००० रुपयांपर्यंतच्या नोकऱ्यांना तो लागू झाला. येथून गुडगावला कामावर जाणारा तरुण एका रात्रीत परका ठरला! नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

तो कायदा केवळ कमी पगाराच्या नोकऱ्यांपुरता होता, हे ध्यानात घ्या. मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याला कोणी गाव विचारले नाही. विचारले ते मजुराला, कारकुनाला.

हे सांगताना आपण आपल्या घरातही पाहिले पाहिजे. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, तेव्हा मुंबईत कारकुनी नोकऱ्यांतील दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापविले गेले. बेकारीचा जाब सरकारला आणि भांडवलदारांना विचारायचा, तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारला गेला. त्या वेळी टाळ्या वाजविणाऱ्यांची मुले आज परप्रांतांत नोकऱ्या शोधत आहेत. दिल्लीत परके आपण आहोत. मुंबईत ज्या न्यायाने दुसऱ्याला हाकलायचे, त्याच न्यायाने उद्या आपल्यालाही येथून जावे लागेल.

सरकारी पदासाठी नागरिकत्व विचारणे वेगळे आणि घाम गाळून झाल्यावर मजुरी देताना ते विचारणे वेगळे. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा घ्या किंवा त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता घ्या. कामगाराच्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. रात्री आपल्या दारावर पहारा करणारा नेपाळी चौकीदारही पूर्ण मजुरीचा धनी आहे.

तेव्हा मित्रहो, मुलांना अर्ज नीट भरायला शिकवा, कागदपत्रे वेळीच जमवायला सांगा. पण आपल्या संघटनेच्या सभासदत्वाच्या अर्जात एकच प्रश्न असू द्या : तुम्ही काम काय करता? गाव विचारून फूट पाडणाऱ्यांना याहून चोख उत्तर नाही.