चोचीला काम द्या

लोणारच्या सरोवराकाठच्या झाडीत पोपट पाहिले असतील तुम्ही. हा पक्षी चोचीनं ढोली कोरून मोठी करतो, बोरं-शेंगा फोडतो, फांदी चढताना चोचीचाच तिसरा पाय करतो. चोच नखासारखी जन्मभर वाढते आणि कामात झिजते. पिंजऱ्यात वाटीभर दाणे आयते मिळाले की हे झिजणं कमी होतं.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगा बजरीगर घेऊन दवाखान्यात आला. बाजारात यालाच सरसकट लव्हबर्ड म्हणतात. वरची चोच वाढून छातीला टेकत होती. घरी कुणीतरी नेलकटर लावलं होतं आणि टोकातून रक्त येत होतं. श्रोतेहो, चोचीच्या आत हाड असतं, रक्तवाहिन्या असतात, नसा असतात. घरी चोच कापू नका, अगदी टोकसुद्धा.

निरोगी पक्ष्याची चोच सहसा कापावी लागत नाही. ती वाकडी झाली, भराभर वाढू लागली, तिच्यावर काळसर डाग पडले, तर यकृताचा आजार असू शकतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्यांचं यकृत चरबीनं बिघडतं. चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी छिद्रांची पांढरट खपली दिसली, तर ते बारीक किडीचं काम. त्यावर रॉकेल चोळू नका, पशुवैद्याला दाखवा. औषधानं ती बरी होते.

रोज करायचं ते सोपं आहे. फवारणी न केलेल्या कडुलिंबाची सालीसकट ताजी काडी धुऊन पिंजऱ्यात बांधा. पक्षी ती सोलत बसतो. समुद्रफेसाचा तुकडा टांगा. दाण्यांबरोबर गाजर, लाल भोपळा, मेथी द्या; त्यातून अ जीवनसत्त्व मिळतं. पिंजऱ्याचा गंजका किंवा पोपडे सुटलेला गज मात्र चोचीखाली येऊ देऊ नका, जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गळ्यात कंठी असलेला आपला हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. तो घरात असेल तर घाईनं दार उघडून सोडूनही देऊ नका. चोच वाढलेल्या पोपटाला बाहेर दाणा फोडता येत नाही, तो उपाशी मरतो. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि त्याला त्यांच्या हाती सोपवा.