व्यायामाची मात्रा आणि मनाचें स्वास्थ्य

छत्रपति संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर पहांटे चढणाऱ्या लोकांत दोन प्रकार सहज ओळखूं येतात. कोणी मोकळ्या हवेसाठीं आलेला असतो. कोणी कालच्यापेक्षां आज एक फेरी अधिक घालण्याच्या ईर्षेनें. परंतु खरा विचार करावयास हवा तो तिसऱ्याचा. तो टेकडीवर आलेलाच नसतो. मन उदास झालें म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीं, आणि पाय घरांत राहिला म्हणजे मन अधिकच उदास होतें. त्याला किती व्यायाम सांगावा?

व्यायामाला माप असावें, हें जुन्या वैद्यकानें ओळखलें होतें. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदयां’त सांगितलें आहे कीं, बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेंहि थंडींत व वसंतांत निम्म्या शक्तीनेंच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. अतिरेक करणाऱ्याला त्यानें हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे: पराक्रम मोठा, पण शेवट नाशाचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळिसांवर चढतो, तेव्हां या ऋतुनियमाचें शहाणपण निराळें पटवावें लागत नाहीं.

अर्वाचीन शास्त्राचे आंकडेहि याच दिशेचे आहेत. अमेरिकेंतील सुमारें १२ लक्ष प्रौढांच्या माहितीवरून २०१८ सालीं असें दिसलें कीं, आठवड्यांतून तीन ते पांच दिवस, दर वेळीं सुमारें ४५ मिनिटें व्यायाम करणारांचीं मनें अधिक स्वस्थ होतीं. रोज तीन तासांहून अधिक श्रम करणारांत मात्र हा लाभ दिसेना. २०२२ सालीं अनेक पाहण्या एकत्र तपासल्या गेल्या. आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतके श्रम करणारांत औदासीन्याच्या विकाराचा संभव शेंकडा २५ नीं कमी आढळला, आणि त्याच्या निम्म्या श्रमांनीं शेंकडा १८ नीं. म्हणजे लाभाचा मोठा वांटा पहिल्या निम्म्यांतच पदरांत पडतो. आणि तें निम्में म्हणजे दिवसाला अवघीं दहा-अकरा मिनिटें!

हे आंकडे सर्वस्वी निर्णायक नव्हेत. मुळांत प्रसन्न असणाराच व्यायामाकडे अधिक वळत असेल, हा आक्षेप योग्य आहे. तथापि रुग्णांना ठरवून व्यायाम दिलेल्या प्रयोगांतहि उतार दिसून आला आहे. श्रमानें झोंप सुधारते, घोळणारे विचार कांहीं वेळ तुटतात, आणि सोबती असला तर एकटेपणहि हटतें. मात्र विकार बळावल्यास चालणें हें वैद्याच्या उपचारांचें साहाय्य होय. तें त्यांची जागा घेऊं शकत नाहीं.

म्हणून घरांतील खिन्न माणसाला टेकडीचें शिखर दाखवूं नये. “गल्लीच्या टोंकापर्यंत येतोस का?” एवढेंच विचारावें, आणि आपणहि चपला घालाव्या.