रान राखायचं कुणी?

धान पिवळं पडायला लागलं की रानडुकरं बांधीत उतरतात आणि एका रात्रीत उभं पीक तुडवून जातात. मग कुणीतरी धुऱ्यावर लाकडी खुंट्या ठोकतो, त्यांवरून उघडी तार ओढतो आणि डोक्यावरून गेलेल्या अकरा हजार व्होल्टच्या वाहिनीवर आकडा टाकतो. कुणी हेच मटणासाठी करतो. त्या वाटेनं चितळ आलं तर चितळ मरतं, वाघ आला तर वाघ मरतो, आणि पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी आला तर तोही मरतो. शिकार म्हटली की बंदूक आठवते. नागझिऱ्याच्या भोवतालच्या आपल्या गावांत मला खरी धास्ती या तारेची वाटते.

ही तार शोधणार कोण? एका वनरक्षकाच्या बीटात कितीतरी रान येतं आणि रात्र मोठी असते. फीडर एकाएकी ट्रिप झाला की वीज कंपनीनं वनखात्याला कळवायचं, मग गस्त निघायची, अशी पद्धत आहे. ती चांगलीच आहे. पण तोवर जनावर पडलेलं असतं. तार कुणाच्या बांधीत होती आणि वाटे कुणाकडे गेले, हे गावाला मात्र त्याच रात्री कळतं. आज मला विचारायचं आहे ते एवढंच: हे गाव तोंड कधी उघडेल?

या प्रश्नाचं एक उत्तर आफ्रिकेतल्या नामिबियानं दिलं आहे. कुनोत 2022च्या सप्टेंबरात चित्ते आले, ते याच देशातून. 1980च्या सुमारास तिथल्या वायव्य भागात दुष्काळ पडला होता, गुरं मेली होती आणि हत्ती-गेंड्यांची बेसुमार शिकार चालू होती. मारणाऱ्यांत बाहेरचे होते, सरकारी माणसं होती आणि भुकेले गावकरीही होते. गार्थ ओवेन-स्मिथ हा कार्यकर्ता तिथल्या गावप्रमुखांकडे गेला. प्रमुखांनी आपल्याच माणसांतून राखणदार निवडले. हातात हत्यार नाही, मोबदला म्हणून शिधा आणि थोडे पैसे. काम एवढंच, की रानातून फिरायचं, माग पाहायचा आणि काही वावगं दिसलं तर सांगायचं. राखणदार गावच्या प्रमुखाला बांधील होता, म्हणून गाव त्याच्याशी बोलत असे.

पण तिथल्या लोकांनी नुसत्या राखणीवर समाधान मानलं नाही. 1996 साली कायदा बदलला. गावांनी एकत्र येऊन आपली हद्द ठरवावी, समिती निवडावी, आणि त्या हद्दीतल्या वन्यजीवांपासून होणारं उत्पन्न त्या समितीकडे यावं, अशी तरतूद झाली. 1998 साली अशा पहिल्या चार संस्था नोंदल्या गेल्या. आज त्या ऐंशीच्या वर आहेत. त्यांच्या उत्पन्नात परवान्यानं होणाऱ्या शिकारीचाही वाटा आहे. तो मार्ग आपल्या कायद्यात नाही आणि तो इथं यावा असं मला मुळीच वाटत नाही. आपण घ्यायचा तो धडा: राखणीला हक्काची जोड हवी.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगरला लागून असलेल्या बालुले राखीव क्षेत्रात 2013 साली ‘ब्लॅक माम्बा’ हे पथक उभं राहिलं. त्यात बहुतेक आसपासच्या वस्त्यांतल्या बाया आहेत. त्या बंदुकीशिवाय फिरतात, कुंपण तपासतात, तारेचे फासे हुडकून काढतात. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. हे वाचताना मला आपल्या मोहफुलं वेचणाऱ्या बाया दिसतात. चैत्रात उजाडायच्या आत त्या झाडाखाली पोचलेल्या असतात. नाल्याकाठचा फासा सगळ्यात आधी त्यांना दिसतो. पण त्यांना आजवर कुणी विचारलं का?

आपल्याकडे विचारलं गेल्याचं एक उदाहरण आहे, आणि ते वाघाचं नसून सारसाचं आहे. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात, कारण इथं मालगुजारी तलाव आहेत, बोड्या आहेत, धानाच्या बांध्या आहेत. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात थेट बांधीत घरटं करतो. मादी एक-दोन अंडी घालते, ती महिनाभर उबवावी लागतात. घरट्याभोवतीचं धान वाया जातं, रोवणी-निंदणीला अडचण होते. गोंदियाच्या ‘सेवा’ संस्थेची मुलं वर्षानुवर्षं अशा शेतकऱ्यांच्या दारी जात राहिली, त्यांच्यासोबत घरट्यांवर नजर ठेवत राहिली, दर उन्हाळ्याच्या अखेरीस गणना करत राहिली. अनेक शेतकऱ्यांनी आपल्या बांधीचा तेवढा तुकडा पाखरासाठी सोडला. आपल्या जिल्ह्यात आज सारस दिसतो तो या शेतकऱ्यांमुळे, असं मी छातीठोकपणे सांगतो. तरीही कीटकनाशकं आणि विजेच्या तारा सारसाचा जीव घेतच आहेत. 2021 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, ती यामुळेच.

वाघाचं गणित याहून अवघड आहे, कारण त्यात पैसा आहे. 2012-13च्या सुमारास मध्य प्रदेशातून आलेल्या शिकारी टोळ्यांनी विदर्भात लोखंडी सापळे लावून वाघ मारले. मेळघाटच्या प्रकरणांत पुढे शिक्षाही झाल्या. पण परका शिकारी आपल्या रानात एकटा काही करू शकत नाही. पाणवठा दाखवायला, शिधा पुरवायला त्याला गावातला माणूस लागतो. तो माणूस फुटला नाही, तर टोळी रिकाम्या हातानं परतते.

नागझिऱ्याचा ‘जय’ हा वाघ तुम्हाला आठवत असेल. 2013 साली तो इथून निघाला आणि शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत थेट उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, नाव देशभर गाजलेलं होतं. एप्रिल 2016 नंतर तो कुणालाच दिसला नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013च्या डिसेंबरात जाहीर झाला, पण वाघ प्रकल्पाच्या नकाशात राहत नाही. ऑगस्ट 2023मध्ये आपल्याच मुरदोलीजवळ गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मोटारीच्या धडकेनं तरुण वाघ गेला. नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांमधला हा पट्टा तुमच्या-आमच्या गावांचा आहे. वाघ इथून जगून पुढे जातो की नाही, हे इथं ठरतं.

आणि या गावांना आपण काय दिलं? गॅस दिला, कुंपण दिलं, माणूस गेला तर 25 लाख देतो. पिकाच्या पंचनाम्यासाठी मात्र शेतकऱ्याला खेटे घालावे लागतात, आणि दोनदा खेटे घातलेला माणूस तिसऱ्यांदा तारेकडे वळतो. त्याचं समर्थन मी करत नाही. वन्यजीव कायद्यात वाघाच्या शिकारीला सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि ती असायलाच हवी. नवेगावच्या जंगलातून उठवलेली कवलेवाडा, कालीमाती, झनकारगोंदीची माणसं दिलेल्या आश्वासनांसाठी पुन्हा जुन्या गावठाणाकडे चालत गेली, हेही आपण पाहिलं. ज्याच्याशी असा व्यवहार होतो, त्याच्याकडून जंगलाच्या बातमीची अपेक्षा कशी करायची?

हक्काचा कायदा आपल्याकडे आहे. 2006च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क दिला आणि कलम 5नं ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणी राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2009 साली तो मिळवला. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा आज तेंदूपत्ता स्वतः विकतात. त्याच ग्रामसभांनी नियमांप्रमाणे वनसंरक्षण समिती नेमावी, तिच्यात मोहफुलांना जाणाऱ्या बाया असाव्यात. राखणदाराचा मोबदला तेंदूच्या आणि पर्यटनाच्या पैशांतून निघावा. पर्यटनाच्या गेटवरच्या उत्पन्नाचा ठरलेला वाटा सीमेवरच्या गावांच्या खात्यावर जावा. वनखात्यानं या समितीला खबऱ्यांची फौज समजू नये. तिच्या ठरावाला लेखी उत्तर द्यावं.

पुढची ग्रामसभा होईल तेव्हा हा विषय कार्यसूचीवर घ्या. सामूहिक वनहक्काचा दावा मंजूर नसेल तर आधी तो दाखल करा. तोवर तार दिसली तर हात लावू नका. आधी महावितरणच्या वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्या आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.